प्रजनन-आरोग्य व जीवनकौशल्य शिक्षण, औद्योगिक प्रशिक्षणार्थींचे

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील (आयटीआय) तरुण-तरुणींना शरीरातील बदल, मासिक पाळी, गर्भनिरोध, लैंगिक संक्रमणे, संमती आणि परस्परांशी वागणूक यांविषयी दिले जाणारे शिक्षण.

महाराष्ट्रात लैंगिक आरोग्याची उघड चर्चा र. धों. कर्वे यांनी सुरू केली. त्यांचे संततिनियमन केंद्र १९२१ चे, तर ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ ते १९५३ या काळातले. पुढे केंद्र सरकारने २००५ मध्ये शाळांसाठी किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आखला. २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो थांबवला. मुळात तो शाळांपुरता होता. आयटीआयमध्ये चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर प्रवेश मिळू शकतो. आठवी किंवा दहावीनंतर जोडारी, वीजतंत्री, संधाता अशा ट्रेडकडे वळलेली मुले त्यामुळे त्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये दहा जीवनकौशल्ये सांगितली. स्वतःची ओळख, सहानुभाव, निर्णयक्षमता, ताण हाताळणे ही त्यांपैकी काही. आयटीआयत ‘रोजगारक्षमता कौशल्ये’ हा विषय आहे, परंतु त्याचा भर मुलाखत, इंग्रजी, संगणक यांवर असतो. नोकरीच्या मुलाखतीत उत्तर देणे आणि नको असलेल्या स्पर्शाला नकार देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा सराव वर्गात फारसा होत नाही.

शालेय धडे जसेच्या तसे उचलून येथे भागत नाही, कारण प्रशिक्षणार्थींचे प्रश्न कामाशी जोडलेले असतात. बॅटरीच्या कामातले शिसे हातावाटे पोटात जाते. ते शुक्राणूंना आणि गर्भालाही घातक ठरू शकते. भट्टीजवळच्या सततच्या उष्णतेने शुक्राणूंची निर्मिती घटू शकते. मुलींच्या बाबतीत पॅड बदलायला जागा आणि पाणी हवे, शिवाय दीर्घ प्रात्यक्षिकाच्या मध्ये सुटी मिळायला हवी. हातमोजे आणि चष्मा यांची सक्ती करणाऱ्या शिल्प निदेशकानेच सुरक्षिततेच्या तासाला हा भाग शिकवला, तर तो उपदेश वाटत नाही. नाजूक प्रश्नांसाठी मुला-मुलींच्या वेगळ्या बैठका आणि नाव न लिहिता चिठ्ठी टाकण्याची पेटी या जुन्या युक्त्या आजही उपयोगी पडतात.

२०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. तो १० ते १९ वर्षे वयोगटासाठी असून शाळेबाहेरच्या मुलांनाही लागू आहे. त्याखालील सल्लाकेंद्रे महाराष्ट्रात ‘मैत्री’ क्लिनिक म्हणून ओळखली जातात. सल्ला देणाऱ्याला कायद्याचे भान ठेवावे लागते. बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यानुसार (२०१२) लैंगिक संबंधाला अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य नाही आणि गुन्ह्याची माहिती असणाऱ्यावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास तिचे नाव डॉक्टरने या माहितीत उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. पालकाच्या लेखी संमतीची अट मात्र कायम आहे.