सायकल-विश्वप्रवास, मुंबईकरांचा
(१९२३–२८). मुंबईच्या पारशी तरुणांनी सायकलवरून केलेली जगप्रदक्षिणा. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला व नरिमन कापडिया हे सहाजण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी निघाले. बगदाद ते अलेप्पो हा सु. ९६० किमी. वाळवंटी टप्पा त्यांनी २३ दिवसांत पार केला. पुढे यूरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन व ब्रह्मदेश असा मार्ग होता. सु. ७१,००० किमी. अंतराचाच उल्लेख सहसा होतो. वस्तुतः वाटेत निम्मे सोबती कमी झाल्यावरही मोहीम न सोडणे हे अधिक कठीण होते. हकीम, बापासोला व भूमगरा १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले.