काढणीच्या तोंडावर द्राक्षावरील भुरी

द्राक्षावरील भुरी हा रोग 'एरिसिफे नेकेटर' या बुरशीमुळे होतो. तिला पावसाची गरज नसते. ढगाळ, दमट हवा आणि पानांची दाटी एवढे पुरते. त्यामुळेच नाशिक, सांगलीच्या बागांत घड विक्रीयोग्य होत असतानाही पानांवर, देठांवर पांढरी भुकटी दिसू लागते.

या अवस्थेत खरा पेच रोगापेक्षा औषधाचा असतो. आंतरप्रवाही बुरशीनाशकाचा अंश मण्यांत उरतो. युरोपीय संघात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक चालत नाही. गंधक त्या मानाने निर्धोक. मात्र उशिरा फवारल्यास मण्यांवर डाग राहतात आणि कडक उन्हात चट्टेही पडतात.

दिलाशाची बाब म्हणजे मण्यांत सुमारे ८ टक्के साखर भरली की त्यांवर नवी लागण सहसा होत नाही. देठ व पाने मात्र बळी पडतच राहतात. म्हणून घडांभोवतीची पाने विरळ करून हवा खेळती ठेवणे हा पहिला उपाय होय. पोटॅशियम बायकार्बोनेट वाढलेली भुरी सुकवते, पण पुढील लागण फार काळ रोखत नाही. भुरीवरच जगणारी 'अँपेलोमायसिस' ही बुरशी दमट हवेत उपयोगी पडते, परंतु तिचा परिणाम सावकाश दिसतो.

डब्यावरील प्रतीक्षा कालावधी देशांतर्गत बाजारापुरता असतो. निर्यातीच्या मालासाठी मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या 'परिशिष्ट ५' मधील दिवस मोजावे लागतात.