बारीक अक्षरांच्या कडा

गेल्या महिन्यांत अंधेरीस आमच्या एका विद्यार्थ्यानें संगणकावर लिहिलेला आपला निबंध आम्हांस दाखविला. त्यांतील 'घन' हा शब्द आम्ही दोन वेळां 'धन' असा वाचला. दोष विद्यार्थ्याचा नव्हता, आणि सर्वस्वीं आमच्या चष्म्याचाही नव्हता. अक्षर बारीक होतें व पडद्यावर त्याच्या कडा नको तितक्या मऊ झाल्या होत्या. हा मऊपणा कोठें द्यावा व कोठें आवरावा, या प्रश्नाचें मूळ मुंबईंत बरेंच मागें जातें.

जावजी दादाजी यांनीं १८६४ मध्यें येथें टाइप ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना सुरू केला. पोरवयांत हे गृहस्थ अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टाइप घासण्याच्या कामावर होते. कड किती घासावी हें त्यांस हातानेंच कळलें असावें! निर्णयसागरचे ठसे राणोजी रावजी आरू यांनीं कापले. धातूच्या त्या काळीं प्रत्येक आकारासाठीं निराळा ठसा कापावा लागे, आणि या सक्तींतच एक सोय होती. बारीक आकारांत कुशल कारागीर अक्षराच्या पोटांतील पोकळी मोकळी ठेवी, रेघ फार बारीक होऊं देत नसे. लहान अक्षर म्हणजे आक्रसलेलें मोठें अक्षर नव्हे, हें तो जाणून असे.

संगणकानें ही सोय मोडली. एकच रेखाकृति सर्व आकारांस पुरवावयाची, आणि तीही पडद्याच्या ठरीव चौकटींत बसवावयाची. पंधरा-सोळा चौकटींच्या उंचींत देवनागरीस शिरोरेघ, तिच्यावरील मात्रा व अनुस्वार, खालचा उकार, इतके मजले चढवावे लागतात. शिरोरेघ दोन ओळींच्या मधोमध पडली, कीं करड्या छटांनीं कडा मऊ करण्याची युक्ति तिची दुहेरी फिकी पट्टी करून टाकते. 'घ' आणि 'ध' यांतील मुख्य भेद शिरोरेघेंतील एका फटीचा; ती फट या करडेपणांत बुजते.

म्हणूनच फाँटच्या पोटांत 'गॅस्प' नांवाचें एक छोटें कोष्टक असतें. कोणत्या आकारापर्यंत रेघा चौकटींत बसवाव्या, कोणत्या आकारापासून कडा मऊ कराव्या, हें त्यांत नोंदलेलें असतें. रोमनसाठीं एक परिचित मांडणी अशी: आठ चौकटींपर्यंत केवळ मऊपणा, नऊ ते सोळा केवळ बसवणी, पुढें दोन्ही. हे आंकडे देवनागरीस जसेच्या तसे उसने घेणें आम्हांस गैर वाटतें. सोळा चौकटींत रोमन अक्षर ऐसपैस बसतें, आपलें दाटीवाटीनें.

रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनीं पवईच्या आय. आय. टी.मध्यें अक्षरविद्या शिकविली, आणि पुढें जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजींत 'मंगल' हा फाँट आंखला. विंडोज २००० बरोबर तो घरोघर गेला. मंगल कित्येकांस रुक्ष वाटतो, आम्हांसही वाटे. परंतु त्या वेळच्या जाड्याभरड्या पडद्यांवर त्याचीं मोकळीं पोटें व सरळ रेघ वाचकाच्या उपयोगी पडलीं, हें मान्य केलेंच पाहिजे. आतांच्या दाट चौकटींच्या फोनांवर ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे. कचेऱ्यांतील व शाळांतील स्वस्त पडद्यांवर मात्र ती शिल्लक आहे.

आमच्या विद्यार्थ्यानें अखेर अक्षर दोन आकारांनीं मोठें केलें, आणि निबंध एका पानानें वाढला.