गुरूवाचून शिकणारा शिष्य



आपले बुलढाणे ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे, तिच्याच कडेने पश्चिमेकडे गेले म्हणजे चाळीसगावानजीक पाटण हे स्थान लागते. तेथील शिलालेख प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन चालावे म्हणून तेथे मठ काढला, आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभांनी 1207 साली त्यास दान दिले. उत्तम ग्रंथ निर्माण झाला तरी तो समजावून देणारा गुरू लागतो, ही जाणीव त्या दानामागे होती.

आज मात्र असा एक शिष्य उदयास आला आहे की, ज्याला शेजारी बसून शिकविणारा गुरू नाही. त्यास एआय एजंट म्हणतात. आपण साध्या भाषेत काम सांगावे. त्याने हाताशी असलेल्या संगणकीय साधनांपैकी योग्य ते निवडावे, त्यास लागणारी माहिती पुरवावी आणि आलेल्या उत्तरावरून पुढचे पाऊल टाकावे, अशी ही योजना आहे. अशी साधने जोडण्याचा एक खुला संकेत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, 2024 च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्यास काय पुरवावे लागते हे लिहून दिलेले असते. साधनाची ओळख एजंटास होते ती मुख्यतः या लेखावरून. मग तो लेख कसा असावा? आमच्या मते याचा धडा 1150 सालच्या ‘लीलावती’त आहे.

भास्कराचार्य आरंभीच गणिताला हात घालीत नाहीत. प्रथम परिभाषा देतात: वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. याचे मोल आपल्या जिल्ह्याइतके कोणास कळणार? खामगावच्या बाजारात शेतकरी कापूस विकतो तो सरकीसकट, क्विंटलवर. रुईचा व्यवहार होतो खंडीवर, आणि खंडी भरते सुमारे 356 किलोची. समजा, एखाद्या साधनाचे वर्णन ‘कापसाचा भाव सांगते’ एवढेच असले, आणि त्याने नुसता आकडा दिला, तर तो कपाशीचा की रुईचा, क्विंटलचा की खंडीचा, हे एजंटाने कसे ओळखावे? तो अंदाज करील आणि ठाम शब्दांत सांगेल. त्या अंदाजावर कोणी माल विकला अथवा अडवून धरला, तर नुकसान यंत्राचे नव्हे, शेतकऱ्याचे होईल.

दुसरी गोष्ट उदाहरणाची. लीलावतीत सूत्रामागून उदाहरण येते, मग मांडणी, मग उत्तर. सूत्र थोडक्यात असते. त्याचा खरा अर्थ उदाहरणाने उलगडतो. साधनाच्या लेखातही ‘तारीख द्यावी’ एवढ्याने भागत नाही. एक तारीख प्रत्यक्ष लिहून दाखवावी, आणि तिच्यावरून कसे उत्तर येते तेही दाखवावे.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते, ती मर्यादेची. चौकोनाच्या चार बाजू दिल्या, तरी तेवढ्यावरून त्याचे क्षेत्रफळ ठरत नाही. कोपरे दाबले की आकार बदलतो. म्हणून लंब अथवा कर्ण न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्यास आचार्य पिशाच म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्यास त्याहूनही मोठे पिशाच! शेताच्या चार बांधांची लांबी कळली म्हणून गुंठे सांगता येत नाहीत, हे मोजणीदार जाणतो. एजंट कोरी जागा कल्पनेने भरून टाकण्याचा संभव असतो. म्हणून ‘कर्ण नसल्यास उत्तर देऊ नये, विचारणाऱ्याकडे तो मागावा’ असे त्याच्यासाठी स्पष्ट लिहिलेले पाहिजे. साधन काय करते याइतकेच ते काय करीत नाही, आणि अपयश आले तर पुढे काय करावे, हेही सांगितले पाहिजे.

अशा लेखनाचे फळ काय, ते इतिहासाने दाखविले आहे. 1587 साली फैजीने लीलावती फारसीत नेली. 1817 साली कोलब्रुकने ती इंग्रजीत प्रसिद्ध केली. ज्यांना आचार्यांची भाषा परकी आणि ज्यांच्या देशात द्रम्म चालत नव्हता, अशांपर्यंत ग्रंथ पोहोचला तो या पद्धतशीर रचनेच्या बळावर. मात्र तो जिवंत ठेवण्यास पिढ्या राबल्या. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी 1545 साली ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहून नियमांच्या उपपत्ती दिल्या. लीलावतीचे नियम चारशे वर्षांत पालटले नव्हते, तरी टीका लागली. आजची साधने तर वर्षभरातच पालटतात. साधन बदलले आणि लेख जुनाच राहिला, तर तो लेख नसण्याहून घातक, कारण एजंट त्यावर विश्वास टाकतो.

तेव्हा बाजारभावाचे, पीकविम्याचे वा जमिनीच्या नोंदींचे साधन कोणी आपल्यापुढे ठेवले, तर ते किती वेगवान आहे एवढेच विचारू नका. त्याचे मोजमाप लिहिले आहे काय, उदाहरण दिले आहे काय, मर्यादा सांगितली आहे काय, आणि तो लेख अद्ययावत ठेवण्याचे काम कोणाकडे आहे, हे विचारा. पाटणच्या दात्यांनी विद्येसाठी मठ चालविला. आपल्या काळी ती जबाबदारी नेटके लिहिणारावर आणि नेटके विचारणारावर आली आहे.