44 मिलिसेकंदांचा जिना

11 डिसेंबर 1867. स्कॉटलंडमधल्या ग्लेनलेअरच्या घरी जेम्स क्लार्क मॅक्सवेल पीटर टेट या मित्राला पत्र लिहितोय आणि तुम्ही त्याच्या खुर्चीमागे उभे आहात. पत्रात वायूची दोन दालनं आहेत, मध्ये झडप आणि झडपेशी एक चिमुकला पहारेकरी. चपळ रेणू एकीकडे सोडायचे, मंद दुसरीकडे. कसलंही काम न करता एक दालन तापतं, दुसरं निवतं. मग उष्णता आपोआप थंडाकडून गरमाकडे जात नाही, या उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाचं काय?

1929, बर्लिन. भौतिकशास्त्रज्ञ लिओ सिलार्डने कल्पनेतल्या पेटीत वायूचा एकच रेणू ठेवलाय. तो पेटीच्या डाव्या भागात आहे की उजव्या, एवढं, म्हणजे एक बिट माहिती, कळलं तरी खोलीच्या तापमानाला सुमारे 3 × 10⁻²¹ ज्यूल काम काढता येतं.

आता 2010 मध्ये, टोकियोच्या चुओ विद्यापीठात या. इथे मात्र घाई करू नका. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यात पॉलिस्टायरिनच्या जोडमण्यांपैकी एक मणी काचेला टाचलेला, दुसरा त्याच्याभोवती फिरतोय. प्रत्येकाचा व्यास सुमारे 300 नॅनोमीटर. विद्युतक्षेत्राने ऊर्जेचा गोल जिना रचलाय. मणी बहुधा खाली घसरतो, पण पाण्याचे रेणू सतत धक्के देतात आणि त्यातला एखादा त्याला वरच्या पायरीवर नेतो. कॅमेरा 44 मिलिसेकंदांनी एकदा पाहतो. मणी वर गेलेला दिसला, की क्षेत्र बदलून त्याच्या मागे भिंत उभी केली जाते. कुणी त्याला वर ढकलत नाही, फक्त परतीची वाट बंद होते. तरीही तो चढतच राहतो!

पाहणं आणि भिंत उभी करणं यांत उशीर झाला, तर मणी जागा सोडतो आणि मिळालेली माहिती शिळी होते. मला या प्रयोगातलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं: इतक्या लहान जगात नियंत्रकाची तत्परता थेट ऊर्जेत मोजता येते. सर्वांत कमी विलंबात माहितीचा 28 टक्के भाग ऊर्जेत उतरला.

नियम मोडला का? नाही. माहिती साठवणारी स्मृती पुन्हा कोरी करावी लागते आणि एक बिट पुसताना किमान तेवढीच, सुमारे 3 × 10⁻²¹ ज्यूल, उष्णता बाहेर पडते, हे भौतिकशास्त्रज्ञ रॉल्फ लँडॉवर यांनी 1961 मध्ये मांडलं. फ्रान्समधल्या लियाँच्या प्रयोगशाळेत 2 मायक्रोमीटरचा काचमणी लेझरच्या सापळ्यात ठेवून ते मोजलं गेलं. निकाल 2012 मध्ये प्रसिद्ध झाला: बिट जितका सावकाश पुसला, तितकी उष्णता या मर्यादेजवळ आली; सरासरी तिच्याखाली उतरली नाही.