बाबांचे दोन वाढदिवस

सरकारदरबारी आमच्या बाबांचा जन्म 1 जूनचा. अर्ध्या महाराष्ट्राचा असतो, तसाच! शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. नाव घालताना दाखला नसला, की गुरुजी वयात बसेल अशी 1 जून ठोकून देत. बाबांचा दाखला पुरात गेला होता.

आजीचा हिशेब निराळा. 12 जुलै 1961ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, खालचं खडकवासलाही गेलं आणि पुण्यात नारायण पेठेत पाणी शिरलं. तो बाबांच्या बारशाचा दिवस. म्हणजे जन्म 1 जुलैचा! घुगऱ्या चुलीवरच राहिल्या आणि आजी बाळाला पदराखाली घेऊन पर्वती चढली.

यंदा नेमकं 1 जूनलाच आमच्या धाकटीचं बारसं आलं. म्हटलं, बाबांचंही औक्षण करून टाकू. 1969च्या कायद्याने जन्मनोंद देशभर सक्तीची झाली. हल्ली ती 21 दिवसांत द्यावी लागते. ती आम्ही दिली होती. हिच्या तारखेत गुरुजींना वाव नाही.

थोरला अडीच वर्षांचा. निरांजन दिसताच त्याने फुंकर मारून विझवलं आणि केक मागितला. बायको "अरे, अरे!" करीपर्यंत अक्षताही जमिनीवर.

बाबांचं लक्षच नव्हतं. मांडीवर बारा दिवसांची नात.

"एवढाच होतो होय मी?" ते म्हणाले. "आणि आई ओली बाळंतीण..."

पुढे त्यांना बोलवेना. मी निरांजन पुन्हा लावलं. 1 जुलैलाही लावायचं ठरलंय. केक तेव्हा.