पाण्यात विरघळणारे औषध आणि वनातील रुग्ण : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात दीर्घकाल परिणाम करणाऱ्या इंजेक्शनाचा इतिहास

प्रस्तावना :
औषधाचा शोध लागणे आणि ते रुग्णाच्या शरीरात पुरेसा काळ टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वैद्यकाच्या इतिहासलेखनात पहिलीस मानाचे स्थान मिळाले. दुसरी मात्र बहुधा तंत्रज्ञांच्या चर्चेपुरती राहिली. प्रस्तुत लेखात यॉज या रोगाच्या आधारे दुसऱ्या गोष्टीचा मागोवा घेतला आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्यापूर्वीचे विवेचन जुन्या चांदा जिल्ह्याच्या मुलखास अनुलक्षून आहे.

१) रोग आणि त्याची नावे :
यॉज हा त्वचेच्या स्पर्शातून पसरणारा जिवाणुजन्य रोग होय. तो मुख्यतः पंधरा वर्षांखालील मुलांना होतो. उपचार न झाल्यास हाडे व सांधे विद्रूप होतात. भारतात त्यास ‘चकावर’, ‘कोया रोग’, ‘गोंडी रोग’, ‘माडिया रोग’ अशी नावे होती. दारिद्र्य, दाट वस्ती व पाण्याची टंचाई यांतून वाढणारा रोग जमातीच्या नावाने ओळखला जावा, ही बाब केवळ भाषिक नाही. रोगाचे कारण परिस्थितीत न शोधता माणसांत शोधण्याची वृत्ती त्यातून दिसते.

२) पेनिसिलीनची अडचण :
या रोगावर पेनिसिलीन गुणकारी ठरले. परंतु त्याचे सोडिअम व पोटॅशिअम क्षार पाण्यात सहज विरघळतात आणि मूत्रपिंडावाटे काही तासांतच शरीराबाहेर पडतात. त्यामुळे दर तीन-चार तासांनी इंजेक्शन द्यावे लागे. रुग्णालयात हे शक्य होते. पावसाळ्यात पर्लकोटा व इंद्रावती यांना पूर आला की जेथे गावेच्या गावे तुटत, तेथे ते अशक्यप्राय होते. शिवाय यॉजचे जिवाणू अतिशय मंद गतीने वाढतात. म्हणून औषधाची मोठी मात्रा एकदाच पोहोचण्यापेक्षा अल्प मात्रा अनेक दिवस रक्तात राहणे महत्त्वाचे ठरते.

१९४४ मध्ये शेंगदाणा तेल व मधमाशीचे मेण यांत पेनिसिलीन मिसळण्याचा प्रयोग झाला. पुढे प्रोकेन पेनिसिलीनचे कण तेलात मिसळून त्यास दोन टक्के अॅल्युमिनिअम मोनोस्टिअरेटने घट्टपणा आणला गेला. ‘पॅम’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे हे औषध स्नायूत साठून राही व काही दिवस हळूहळू रक्तात उतरे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५२ पासून भारतात राबवलेली यॉजविरोधी मोहीम अशा एका इंजेक्शनाच्या बळावरच शक्य झाली. बेंझाथिन पेनिसिलीनने परिणामाचा हा काळ आठवड्यांपर्यंत नेला.

३) सूक्ष्मगोलांचे तंत्र :
तेलाचे हेच कार्य पुढे जैवविघटनशील बहुवारिकांकडे आले. औषधाचे पाण्यातील द्रावण, द्रावकात विरघळवलेल्या पॉलिलॅक्टिक-ग्लायकॉलिक बहुवारिकात घुसळतात. हे पायस पुन्हा पाण्यात घुसळतात. द्रावक उडून गेल्यावर घन सूक्ष्मगोल उरतात. यातील मुख्य अडचण अशी की, पाण्याची ओढ असलेले औषध गोल घट्ट होण्यापूर्वीच बाहेरच्या पाण्यात निसटते. जपानमधील ताकेदा कंपनीच्या संशोधकांनी आतील द्रावण जिलेटिनने दाट करून ही गळती रोखली. त्यातून ल्युप्रोलाइडचे महिन्यातून एकदा द्यावयाचे इंजेक्शन तयार झाले व १९८९ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. ते प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी होते. यॉजच्या रुग्णांपर्यंत मात्र हे तंत्र पोहोचले नाही. त्यांची भिस्त बेंझाथिनवरच राहिली.

४) निर्मूलनाचा धडा :
पन्नाशीच्या दशकातील मोहिमेनंतर रोग ओसरला, पण संपला नाही. लक्षणे न दिसणारे सुप्त रुग्ण उपचाराबाहेर राहिले की संसर्ग पुन्हा डोके वर काढी. १९९६-९७ मध्ये ओडिशातील कोरापूट येथे निर्मूलन कार्यक्रमाचा प्रारंभ झाला व पुढे तो महाराष्ट्रासह दहा राज्यांत विस्तारला. महाराष्ट्रात चंद्रपूर-गडचिरोलीचा वनप्रदेश त्यात येत होता. कर्मचाऱ्यांनी घरोघर शोध घेतला. रुग्णाबरोबर त्याच्या संपर्कातील व्यक्तींनाही औषध दिले. २००३ नंतर देशात नवा रुग्ण आढळला नाही आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतास यॉजमुक्त घोषित केले. दरम्यान २०१२ मध्ये पापुआ न्यू गिनीतील अभ्यासाने तोंडावाटे घ्यावयाची अॅझिथ्रोमायसिनची एकच मात्रा बेंझाथिन इंजेक्शनाइतकी प्रभावी असल्याचे दाखवले.

समारोप :
वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, दीर्घकाल परिणाम करणाऱ्या औषधाची खरी निकड दुर्गम भागात असली, तरी प्रगत तंत्राची दिशा केवळ निकडीवर ठरत नाही. खर्च पेलू शकणाऱ्या बाजारपेठेचाही त्यात वाटा असतो. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. औषध शरीरात कितीही दिवस टिकले, तरी पहिले इंजेक्शन देण्यासाठी कोणीतरी त्या गावापर्यंत चालत जावे लागते. यॉजच्या निर्मूलनाचे श्रेय देताना प्रयोगशाळेइतकेच त्या पायपिटीचेही स्मरण ठेवणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे.